ओळखचोरी : एका सोयीस्कर शब्दाविरुद्ध

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांतून 'सायबर जागरूकता' नावाचा एक नवा कीर्तनप्रकार रूढ झाला आहे. बुवा बाहेरगावाहून येतात, पूर्वरंगात 'सावध राहा' हे एकच पद आळवतात आणि उत्तररंगात चोरांच्या नाना युक्त्यांचे आख्यान लावतात. ओटीपी सांगू नका, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. एवढे करूनही लुबाडले गेलो तर काय, या प्रश्नापाशी येताच कीर्तन आटोपते आणि आभारप्रदर्शन सुरू होते. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते इतकेच, की ज्याची 'ओळख' चोरीला गेली त्याने ती नीट सांभाळली नसणार.

ओटीपी सांगू नये, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा वाद 'ओळखचोरी' या शब्दाशी आहे. इंग्रजीवरून भाषांतरित झालेला हा शब्द वर्तमानपत्रांतून, पोलिसांच्या पत्रकांतून आणि आता आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतूनही स्थिरावत चालला आहे. भाषेच्या अध्यापकांनी एका शब्दावर एवढे का रागवावे, असे कोणी विचारील. कारण असे, की नुकसान कोणाचे झाले आणि चूक कोणाची झाली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हा शब्द प्रश्न विचारण्याआधीच देऊन टाकतो. एखादा भामटा आमचे नाव सांगून बँकेतून पन्नास हजार रुपये घेऊन गेला, तर साध्या मराठीत बँक फसली असे म्हणतात. पैसे बँकेचे, निर्णय बँकेचा, फसवणूकही बँकेचीच. 'ओळखचोरी' म्हटले की फसलेली बँक हळूच बाजूला सरकते. आणि ज्याचा या व्यवहाराशी सुतराम संबंध नव्हता तो माणूस एकाच वेळी चोरीचा बळी आणि निष्काळजी राखणदार ठरतो.

मराठीच्या स्वभावातच हा शब्द बसत नाही. मराठीत ओळख होते, ओळख पटते, ओळख निघते, ओळख दिली जाते आणि कधी कधी मुद्दाम दाखवली जात नाही. यांतले एकही क्रियापद ओळखीला पेटीत ठेवण्याची वस्तू मानत नाही. 'मला तुमची ओळख पटली' या वाक्यात पटण्याची सगळी घडामोड पाहणाऱ्याच्या ठायी आहे. ती चुकीची पटली, तर चूक पाहणाऱ्याची. ज्याला पाहिले गेले नाही, जो तिथे हजरही नव्हता, त्याच्याकडे ही चूक कशी जाईल? माणसाजवळ असते ती खूण : सही, शिक्का, अंगठी, अंगठ्याचा ठसा, परवलीचा शब्द. चोरता येते ती खूण. खूण पाहून माणूस ओळखला असे जो मानतो, त्याने त्या मानण्याची जबाबदारी घ्यायला हवी.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने कलम ६६-क आले आणि तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. या कलमाचे शीर्षक ओळखीच्या चोरीबद्दल बोलते. पण खालच्या मजकुरात उल्लेख आहेत ते इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा तत्सम एकमेव ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरण्याचे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला मजकुरापर्यंत पोहोचताना खुणेपाशीच यावे लागले. शीर्षक मात्र तसेच राहिले आणि लोकांच्या तोंडी बसले ते शीर्षकच.

चर्चासत्रांतून 'अस्मितेचा शोध' या विषयावर तास-दोन तास सहज बोलणारी आमची मराठीची मंडळी या बाबतीत गप्प असतात, याचेही आम्हांला नवल वाटते. अस्मिता हा त्यांच्या दृष्टीने कवितेचा विषय आहे. रेशन दुकानातल्या यंत्रापुढे, सेतू केंद्राच्या खिडकीत, कर्ज वसूल करणाऱ्याच्या मोटारसायकलपाशी 'तू कोण?' हा प्रश्न रोज विचारला जातो, तो त्यांना गद्य वाटतो.

पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईच्या नावावर असेच एक कर्ज निघाले. महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेचा माणूस वर्षभरापूर्वी गावात येऊन गेला होता. त्याने आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या, यंत्रावर अंगठे घेतले, 'मंजूर झालं तर कळवतो' म्हणाला. कळवायला कोणी आले नाही. आले ते वसुलीला. त्या बाई मुलीला घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी कागद पुढे केला. "अंगठा तुमचाच आहे ना बाई?" त्यावर त्या म्हणाल्या, "अंगठा माहाच होय साहेब, पन कर्ज माहा नोहोय."

या वाक्यापुढे आमचे सगळे विवेचन फिके आहे. झाडीबोलीत 'ण' नाही, त्यामुळे तिथे 'पण'चा 'पन' होतो. आणि 'नोहोय' ऐकताना ज्ञानेश्वरीतला 'नोहे' कानाशी येतो, हे भाषाशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की खूण आणि कृती यांतला भेद त्या बाईंनी एका वाक्यात केला, आणि पदवीधर साहेबांना तो कळला नाही. तक्रार लिहून द्या म्हणाले, तर छापील अर्जाच्या तळाशी 'कर्जदाराची सही अथवा अंगठा' असेच होते. आपण कर्जदार नाही हे सांगण्यासाठी त्या बाईंना आधी कर्जदार म्हणून अंगठा उठवावा लागणार होता! मुलीने 'कर्जदार' खोडून 'तक्रारदार' लिहिले. तिने प्राकृताच्या पाठभेदांचा पेपर नुकताच दिला होता, हा योगायोग असेल.

आता ज्या परंपरेचे आम्ही अध्यापन करतो तिच्याकडे वळू, कारण खुणेच्या गैरवापराचा दीर्घ अनुभव तिच्या गाठीशी आहे. संतकवींची नाममुद्रा ही एक खूणच. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' एवढे शेवटच्या चरणात घातले, की रचना त्या संताची झाली, असे ऐकणारा मानी. ही खूण कोणीही उचलावी इतकी सोपी होती आणि ती उचलली गेलीही. नामदेवांच्या नावावर विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या. तुकारामांच्या नावावर किती अभंग मागाहून चढले, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. याच्या नेमक्या उलट बाजूला सालोमालो उभा आहे. १९३६च्या प्रभातच्या चित्रपटाने घरोघर पोहोचवलेला हा इसम अभंग तुकारामांचे घेई आणि मुद्रा स्वतःची घाली.

हे दोन अपराध एकच नव्हेत, आणि विद्यार्थ्यांनी ते वेगळे ओळखावेत असा आमचा आग्रह आहे. वाङ्मयचौर्यात माझे दुसऱ्याच्या नावावर जाते. तोतयेगिरीत दुसऱ्याचे माझ्या नावावर येते. पहिल्यात मी गरीब होतो. दुसऱ्यात माझ्याकडून काहीच जात नाही, उलट भर पडते : न घेतलेले कर्ज, न केलेला गुन्हा, न लिहिलेला अभंग. 'चोरी' हा शब्द पहिल्याला चपखल बसतो. दुसऱ्याला तो लावला, की माणूस काय हरवले ते शोधत बसतो, आणि त्याच्या डोक्यावर काय लादले गेले याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आणि क्षेपकांचा निवाडा करण्याची जबाबदारी परंपरेने कोणावर टाकली? शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अनेक पोथ्या ताडून त्यांनी पाठ सिद्ध केला आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशारा देऊन ठेवला. हा इशारा लेखनिकांना आणि पाठ सांभाळणाऱ्यांना होता. 'ज्ञानदेवांनी आपली मुद्रा नीट सांभाळली असती तर', असे एकनाथांना सुचलेही नाही. पुढे मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात तुकारामांची गाथा दोन भागांत छापली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते समोर ठेवली. अभंगाखाली 'तुका म्हणे' आहे, एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. कोणत्या पोथीत आहे, कोणाच्या घरातून आली, तिचे वय काय, हे पाहिले. पाठचिकित्सेचा सगळा शिस्तबद्ध व्यवहार एका गृहीतावर उभा आहे : मुद्रा हा पुराव्याचा प्रारंभ आहे, शेवट नाही, आणि पुरावा देण्याचे ओझे संपादकाचे आहे. ही साधी शिस्त एकोणिसाव्या शतकातल्या दोन पंडितांना पाळता आली. एकविसाव्या शतकातल्या वित्तसंस्थेला ती परवडत नाही म्हणे.

'तोतया' या शब्दाची कथाही येथे आठवावी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात संशय राहिला, आणि त्या संशयातूनच बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण 'भाऊ' म्हणून पुढे आला. तो खोटा ठरून कैदेतही पडला. तरी १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतूनच तो पुन्हा उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि हजारोंची फौज जमली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडले, आंग्र्यांच्या हद्दीत तो पकडला गेला आणि वर्षअखेर पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी १९१३ साली यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते जुन्या पिढीला ठाऊक असते.

एकदा खोटा ठरलेला माणूस पुन्हा खरा कसा ठरला? चेहरामोहरा हे कारण फार तोकडे आहे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता, गादीवर बालपेशवा होता, राघोबादादा इंग्रजांकडे गेले होते. पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्या अनेकांना एक 'भाऊ' हवा होता. ओळख पटणे त्यांच्या सोयीचे होते, म्हणून ती पटली. आज कर्जाचे उद्दिष्ट पुरे करायचे असलेल्या माणसाला समोरचा अंगठा खरा वाटणे असेच सोयीचे असते. या सगळ्यात पार्वतीबाईंचे काय झाले, हे बंडाच्या वर्णनात सहसा येत नाही. पतीच्या मरणावर विश्वास न ठेवता त्या १७८३ पर्यंत सौभाग्यचिन्हांसह जगल्या. तोतयाने भाऊंचे काही नेले नाही, भाऊ तर गेलेलेच होते. त्याने जे केले ते पार्वतीबाईंच्या उंबऱ्यावर येऊन पडले.

तोतयेगिरीची दुसरी बाजू अशी, की खूण चुकीच्या हाती गेली की खरा माणूस खोटा ठरतो. आमच्याकडे याचे सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके निरूपण कालिदासाने केले आहे; नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे कथा सर्वांना ठाऊक आहे. तरी ती खिडकीपाशी उभे राहून पुन्हा वाचावी. शकुंतला स्वतः राजासमोर उभी आहे, पण अंगठी नाही, म्हणून ती नाही. आणि अंगठी सापडते तेव्हा ती आणणाऱ्या कोळ्याला शिपाई आधी चोर म्हणून बांधतात. दुर्वासांचा शाप हे राजाला मिळालेले निमित्त; रेशन दुकानदार 'सर्व्हर डाउन' म्हणतो.

धानाच्या रोवणीने आणि विड्यांच्या पानांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या बायांना ई-पॉस यंत्रावर चार चार वेळा अंगठा दाबताना आम्ही पाहतो. यंत्राला त्यांचा ठसा पटत नाही. त्याच अंगठ्याची नक्कल मात्र यंत्राला पटते, याचा पुरावा शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये मिळाला : जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उतरवून घेऊन एका सिमकार्ड विक्रेत्याने रबरी अंगठे बनवले आणि हजारो सिमकार्डे सुरू केली. जन्मभर ज्यांना आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवले, त्यांच्याच अंगठ्यावर आता सगळी व्यवस्था टेकली आहे, आणि तो अंगठा त्यांच्या उपयोगी पडेनासा झाला आहे.

जुन्या कागदांत असा अंगठा कधी एकटा नसे. 'निशाणी डावा अंगठा' लिहिले, की शेजारी कागद कोणी लिहिला त्याचे नाव आणि खाली साक्षीदारांची नावे येत. त्याआधीचे महजर पाहिले तर कुणब्या-पाटलाची निशाणी नांगराची, कारागिराची त्याच्या हत्याराची. एका गावातल्या दहा कुणब्यांचा नांगर सारखाच. तंत्रज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर ही खूण अगदीच कुचकामी : एकमेव नाही, गुप्त नाही, बदलता येत नाही. तरी ती चाले, कारण खुणेच्या भोवती बसलेले लोक माणसाला ओळखत. महजरात प्रथम उपस्थितांची यादी येते ती याचसाठी. आम्ही खूण एकमेव केली, बारीक केली, यंत्रात घातली, आणि साक्ष काढून टाकली.

येथे कोणी आम्हांला गावगाड्याचे गोडवे गाणारे ठरवू नये. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत, त्या गावाने ओळखीचा उपयोग कोणाला पाणी द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्यासाठीही केला. पूर्वास्पृश्य समाजातल्या लेखकांची आत्मकथने शिकवताना आम्ही दर वर्षी हे पाहतो, की शहरात जाऊन अनोळखी होता येणे ही काही माणसांसाठी पहिली मोकळीक होती. पाटलाच्या साक्षीवाचून, केवळ एका क्रमांकावर आपले हक्क मागता यावेत, हे आधारचे आश्वासन म्हणूनच मोठे होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिला क्रमांक दिला गेला, तो त्या आश्वासनासह. आमचे भांडण क्रमांकाशी नाही. क्रमांक देणाऱ्याने चुकीचे उत्तरदायित्व क्रमांक घेणाऱ्यावर ढकलले, याच्याशी आहे.

हे ढकलणे किती उघड होते ते पाहा. २०१६च्या आधार कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार न्यायालयात फक्त प्राधिकरणाला करता येत असे. ज्याचा क्रमांक, त्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात यावर बोट ठेवले आणि २०१९च्या दुरुस्तीने व्यक्तीला तक्रारीची वाट मिळाली. ओळख तुमची, सांभाळायची तुम्ही, पण ती गेली तर ओरडायचे आम्ही : तीन वर्षे हा कायदा होता. पुढे २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, असे पत्रक काढले; आणि दोन दिवसांत, गैरसमज होण्याचा संभव आहे म्हणून, ते मागे घेऊन नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असे सांगितले. हॉटेलपासून महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपर्यंत जिथे तिथे झेरॉक्स मागितली जाते. ती न दिल्यास काम होत नाही, दिल्यास तुम्ही बेसावध. नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमके काय, हे त्या दुसऱ्या पत्रकाच्या टीकाकाराने सांगावे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने इतर बायकांचे आधार क्रमांक वापरून अनेक अर्ज भरल्याचे उघड झाले. ते कळले कसे? पनवेलकडच्या एका महिलेचा अर्ज स्वीकारला जाईना, कारण तिच्या क्रमांकावर आधीच अर्ज होता. म्हणजे व्यवस्थेने खोटीला खरी मानले आणि खरीला खोटी. पुढे २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे थांबवल्याचे शासनाने सांगितले. लाभार्थींत चौदा हजारांवर पुरुषही असल्याच्या बातम्या आल्या. यांतले सगळे तोतये नव्हते. कित्येकांनी आपल्याच नावाने, पात्र नसताना अर्ज केले होते आणि पडताळणी करणाऱ्यांनी ते मंजूर केले होते. पण उपाय काय निघाला? सगळ्याच बायकांनी ई-केवायसी करावी, सोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार द्यावा. मंजुरी देताना शासन चुकले, आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला कोट्यवधी बायका केंद्रांपुढे रांगेत लागल्या. ज्यांना पतीही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांनी कोणाचा अंगठा आणावा?

पवनीत बसून हे लिहिताना एक गोष्ट राहून राहून मनात येते. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले तेव्हा निघालेल्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची साधी माणसे : नाव आणि दान, एवढाच मजकूर. ती नावे चोरण्याचे कोणाला कारण नव्हते, कारण त्या नावावर काही दिले गेले होते, काही मिळणार नव्हते. ज्या नावावर काही मिळते तेच नाव उचलले जाते. गरिबाचे नाव शतकानुशतके कोणी उचलले नाही, त्यावर मिळण्यासारखे काही नव्हते म्हणून. आता शिष्यवृत्ती, अनुदान, घरकुल आणि छोटे कर्ज त्याच्या नावावर येऊ लागले, आणि त्या नावाला बाजारात भाव आला. कल्याणकारी राज्याचा हा परिणाम आहे, आणि त्याची जोखीम राज्यानेच उचलायला हवी.

शिक्षणसंस्थांनी याबाबत शहाजोगपणा करू नये. गडचिरोलीसह विदर्भात गेल्या दशकात जो शिष्यवृत्ती घोटाळा उघडकीला आला आणि ज्यासाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले, त्यात मागासवर्गीय विद्यार्थ्यांची कागदपत्रे गोळा करून, कधीच न भरलेल्या वर्गांत त्यांची नावे घातल्याचे प्रकार होते. ते करणारे अनोळखी लिंक पाठवणारे परप्रांतीय भामटे नव्हते. प्राचार्यांच्या दालनात बसणारे होते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस 'शालार्थ' क्रमांकांचे प्रकरण बाहेर आले त्याची सुरुवात तर आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापकाच्या नियुक्तीपासून झाली. त्याचा तपास आणि न्यायनिवाडा व्हायचा तो होवो. आमचा मुद्दा एवढाच, की मुलांना सावधगिरी शिकवायला उभ्या राहणाऱ्या व्यासपीठामागचे कपाटही कधीतरी उघडून पाहावे, तिथे किती मुलांच्या आधारच्या झेरॉक्स कुलपावाचून पडल्या आहेत ते.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग अॅपची जाहिरात करणारा बनावट व्हिडिओ फिरला. 'हा मी नव्हे' असे त्यांनी सांगितले आणि त्याच दिवशी देशाने ते मानले. आशा भोसले यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलांविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण 'हा मी नव्हे' हे वाक्य कोणी उच्चारले यावर त्याची किंमत ठरते, हे त्यातून दिसते. त्या खेड्यातल्या बाईंचे 'माहा नोहोय' हेच वाक्य होते. ते मानायला कोणी तयार झाले नाही.

'नागरिकाची काहीच जबाबदारी नाही का?' असा प्रश्न येईल. आहे. घराला कुलूप लावणे ही घरमालकाची जबाबदारी असतेच. पण कुलूप तकलादू असेल, ते बनवणारा दुसराच असेल, बदलायची सोय नसेल आणि किल्लीची नक्कल प्रत्येक खिडकीत जमा करणे सक्तीचे असेल, तर त्या जबाबदारीची भाषा निर्लज्ज होते. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर असल्याचे स्पष्ट म्हटले होते. त्रयस्थाच्या घुसखोरीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाला तोशीस लागू नये, असेही म्हटले होते. त्याच परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा अपवाद होता, आणि व्यवहारात सगळी लढाई त्या अपवादापाशी हरली जाते. 'तुम्ही ओटीपी दिला' एवढे म्हटले, की ओझे पुन्हा ग्राहकाच्या पाठीवर. जागरूकतेचे कीर्तन या अपवादाची पार्श्वभूमी तयार करते, म्हणून ते निरुपद्रवी नाही.

शब्दाचा पर्याय आमच्यापाशी आहे, आणि तो नवा घडवायला नको. कायद्याच्या मराठीत आणि बोलण्यातही असलेला 'तोतयेगिरी' हा शब्द पुरेसा आहे. तोतयेगिरी म्हटले की करणारा दिसतो आणि फसणाराही दिसतो. ज्याचे नाव वापरले गेले त्याच्याकडे बोट जात नाही. आमच्या विभागात उत्तरपत्रिका तपासताना आम्ही आता 'ओळखचोरी'खाली रेघ ओढतो. पाठचिकित्सेच्या तासाला पोथ्यांबरोबर एखादा कर्जाचा अर्जही वाचायला द्यावा, मुद्रा कुठे, साक्ष कुठे, क्षेपक कुठले हे मुलांनी शोधावे, असे आमचे अन्य महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांना सांगणे आहे.

मागणीचा भाग वेगळा, आणि तो साहित्याचा नाही. पतमाहितीतली चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घातला. न घेतलेल्या कर्जाच्या तक्रारीलाही तसाच मुदतीचा नियम हवा. कर्ज कोणाला दिले, पैसे कोणत्या खात्यात पडले, अंगठा कोणासमोर घेतला, तेव्हा तिथे कोण हजर होते, हे देणाऱ्याने दाखवावे. तक्रारीच्या अर्जावर 'कर्जदार' हा शब्द नसावा. आणि हे सिद्ध होईपर्यंत त्या घराच्या दारात वसुलीचा माणूस जाता कामा नये.